गॅलरीतला रोजा

आमचा एक दोस्त आहे. साठी ओलांडलेला, फुटबॉलचा जुना शौकीन. रमजान लागला की तो शाहू स्टेडियमवरची आपली जागा बदलतो. एरवी त्याची बसायची पायरी ठरलेली असते. त्याच्या तालमीच्या पोरांच्या बरोबर मधोमध, जिथं शिट्ट्या, टाळ्या आणि आरडाओरडा सगळ्यात जास्त. रमजानचे तीस दिवस मात्र तो तिथून उठतो आणि पार टोकाला, पेन्शनर मंडळी रुमाल टाकून बसतात तिथं जाऊन बसतो. कारण विचारलं तर सांगतो, "तिथं बसलो की तोंड उघडतंय. आणि आपलं तोंड उघडलं की काय बाहेर येतंय, ते तुला माहीतच हाय."

मला माहीत आहे. चाळीस वर्षं ऐकतोय.

रोजा म्हणजे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न-पाणी बंद, एवढं कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक असतं. शेजारच्या घरात सहरीला कुकरची शिट्टी झाली की इकडच्या घरातल्या काकूंना कळतं, साडेचार वाजले. पण रोजा पोटापुरता नसतो, हे थोडं कमी सांगितलं जातं. डोळ्यांचा रोजा असतो, कानांचा असतो आणि सगळ्यात अवघड असतो तो तोंडाचा. पैगंबरसाहेबांची शिकवण अशी की रोजा असताना कुणी शिवी दिली, भांडायला आला, तर त्याला उलट उत्तर द्यायचं नाही. एवढंच सांगायचं की बाबा, मी रोजानं आहे. आता ही शिकवण घेऊन तुम्ही पेठेच्या मॅचला जाऊन बसा. मग कळेल की उपाशी राहणं हा त्यातला सोपा भाग आहे.

रमजान चंद्राच्या हिशेबानं चालतो, त्यामुळं दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. २०२३ साली पहिला रोजा २४ मार्चला होता, २०२४ ला १२ मार्चला, २०२५ ला २ मार्चला. म्हणजे सध्या तो कोल्हापूरच्या फुटबॉल हंगामाच्या ऐन मध्यात येऊन बसलाय. दुपारी दोनची मॅच, चारची मॅच, डोक्यावर ऊन, समोर धुरळा, आणि गॅलरीत शेजारी बसलेला माणूस भडंगाची पुडी पुढं करून म्हणतोय, "घ्या चाचा... अरे हो, चुकलं चुकलं, रोजा न्हवं का!" असं दिवसातून चार वेळा होतं. त्याचं वाईट वाटत नाही. उलट एखाद्या दिवशी कुणी पुडी पुढं केली नाही, तर चुकल्यासारखं होतं.

बाहेरगावच्या वाचकांना, आणि गावात राहूनही कधी स्टेडियमकडं न फिरकलेल्यांना, हे थोडं समजावून सांगायला हवं. कोल्हापुरात फुटबॉलचा संघ म्हणजे क्लब नव्हे, तालीम. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, जुना बुधवार, फुलेवाडी, संध्यामठ, ऋणमुक्तेश्वर. नावं वाचली तरी कळतं की हे कुस्तीच्या हौद्यातून आणि गल्लीच्या कट्ट्यावरून आलेले संघ आहेत. शाहू महाराजांच्या गावात तालीम ही पोराला घडवायची जागा. त्याच तालमीत गणपती बसतो, तिथंच निवडणुकीच्या बैठका होतात, कुणाच्या घरी मयत झाली तर खुर्च्या तिथूनच जातात आणि फुटबॉलचा संघही तिथलाच. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे केएसएची लीग सुरू झाली की दोन पेठा समोरासमोर येतात. पाटाकडील आणि दिलबहार यांची गाठ पडणार असली, तर त्या दिवशी दुपारनंतर गावात कामाचं बोलायला माणूस सापडत नाही.

या तालमींना जात-धर्माची पाटी नाही. तुम्ही ज्या गल्लीत जन्मला, तिची तालीम तुमची. इथं पोराला "कुठला?" असं विचारलं की तो आधी पेठ सांगतो, आडनाव नंतर. दिलबहार हा शब्द फारसीतला. त्याचा जयघोष करताना गळ्याच्या शिरा ताणणाऱ्यांतले बहुतेक जण घरी गेल्यावर देवासमोर उदबत्ती लावतात. मोहरमला इथल्या कितीतरी तालमींत पंजे बसतात आणि ते बसवणारे, मिरवणारे हात हिंदू पोरांचे असतात. २०१८ आणि २०१९ ला मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा काही तालमींत गणपती आणि पंजा एकाच छताखाली होते. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे, तो बघायला परगावचे लोक येतात. आम्हाला त्यात नवल वाटत नाही, म्हणून आम्ही कधी नीट बघतही नाही.

मी हे सगळं गुळगुळीत करून सांगतोय असं वाटत असेल, तर जरा थांबा.

गेल्या आठवड्यात चारची मॅच संपल्यावर स्टेडियमबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभा होतो. सगळ्यांच्या हातात ग्लास, माझा हात मोकळा. रोजात एक बरं असतं, तोंड बंद असल्यानं ऐकायला चांगलं येतं. विषय निघाला बाहेरून आणलेल्या खेळाडूंचा. हल्ली संघ केरळ, गोवा, बंगालपासून थेट आफ्रिकेपर्यंतचे खेळाडू आणतात. उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेले एक गृहस्थ तावातावानं सांगत होते, "आमच्या टायमाला टीमचा सेंटर हाफ आमच्याच बोळातला. हरून आला तर त्याच्या आईला आम्ही सांगायचो, काकू, आज याला जेवायला वाढू नका. आता मी शिवी कुणाला देऊ? त्याला मराठी कळत न्हाई!" त्यावर विशीतला एक पोरगा म्हणाला, "काका, जिंकायचं हाय का बोळ बघत बसायचं?" दोघांचंही मला पटलं. आपल्या मातीतली पोरंही पुढं जातात. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारत तिन्ही सामने हरला, पण गावानं ते सामने जिंकल्यासारखे बघितले. तरी पुढच्या हंगामात पेठेची ट्रॉफी हवीच असते आणि ट्रॉफीसाठी पैसा मोजून तगडा फॉरवर्ड आणावा लागतो.

मग निघाला पेठ सोडून दुसऱ्या तालमीकडं गेलेल्या खेळाडूंचा विषय. हा विषय निघाला की चहा गार होतो. एकानं सांगितलं, त्याच्या सख्ख्या मित्रानं दोन हंगामांपूर्वी तालीम बदलली. "त्याच्या लग्नात मी पंगतीला वाढलं. अक्षता टाकल्या. पण मॅचला समोर आला की माझ्या तोंडून शिवी निघत्याच. त्यालाबी माहीत हाय. लग्नात म्हटला, मर्दा, परवा लई बोललास." सगळे हसले. मला मात्र वाटलं, खेळाडूचीही बाजू आहे. गुडघा गेला की पेठ दोन दिवस भेटायला येते, तिसऱ्या दिवशी नवा पोरगा शोधते. ज्यानं चार पैसे बघितले, त्याला गद्दार म्हणणं गॅलरीतून सोपं असतं.

शेवटी आला घोषणांचा मुद्दा. तरुण पोरांचं मत स्पष्ट: शिवी हा मसाला आहे, ती नसेल तर मॅच घरी टीव्हीवर बघावी. एका बँकेतल्या गृहस्थांनी हळूच सांगितलं की त्यांच्या मुलीला फुटबॉलचं वेड आहे, विश्वचषकात ती रात्र-रात्र जागते, पण स्टेडियमवर ते तिला आणत नाहीत. कुणी काही बोललं नाही. टपरीवाल्यानं ग्लास गोळा केले.

हुल्लडबाजीमुळं मॅच थांबणं, बाटल्या-दगड येणं, संघांवर कारवाई होणं हे इथं नवं नाही. पण या सगळ्या गोंधळात एक न लिहिलेला नियम होता, असं मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो. पेठेवर बोला, तालमीवर बोला, खेळाडूच्या पोटावर, पायावर, चुकलेल्या पेनल्टीवर बोला. माणसाच्या नावावर जायचं नाही. म्हणजे नावावरून कळणाऱ्या गोष्टींवर. मी हे अभिमानानं सांगायचो आणि सांगताना स्वतःचाच एक किस्सा सोयीनं विसरायचो.

१९८८ ची गोष्ट असेल. कॉलेजात होतो. समोरच्या संघात एक डावा विंगर होता, चेंडू पायाला चिकटल्यासारखा घेऊन जायचा. त्याला रोखायचं कसं हे आमच्या संघाला कळेना, म्हणून आम्ही गॅलरीतल्या पोरांनी जबाबदारी घेतली. त्याचे वडील हातगाडीवर भंगार गोळा करायचे. त्याच्या पायात चेंडू आला की आम्ही भंगारवाल्याची आरोळी ठोकायची. सुरुवात मी केली. दहा मिनिटांत सगळी गॅलरी ओरडत होती. पोरगं गडबडलं, दोन पास चुकले, आणि आम्ही ती मॅच जिंकली. त्याचे वडील त्या दिवशी गेटजवळ उभे राहून मॅच बघत होते, हे मला महिन्यानं कळलं. तो विंगर पुढं बरीच वर्षं खेळला. मला ओळखतो, भेटला की हात वर करतो. ती आरोळी पहिल्यांदा कुणी दिली हे त्याला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. दर रमजानला ठरवतो की ईदच्या आधी जाऊन माफी मागायची. अजून मागितलेली नाही.

तेव्हा माझा तो न लिहिलेला नियम म्हणजे काही दगडी भिंत नव्हती. त्याला भोकं होती, त्यातलं एक मी स्वतः पाडलं होतं.

जगात अशीही गावं आहेत जिथं हा नियम कधी नव्हताच. स्कॉटलंडमधलं ग्लासगो घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गरीब आयरिश कॅथलिकांच्या मदतीसाठी एका धर्मबंधूनं सेल्टिक क्लब उभा केला. समोर रेंजर्स, ते प्रॉटेस्टंटांचे. शंभर वर्षं त्या गावात तुझा क्लब कोणता म्हणजे तुझं चर्च कोणतं. १९८९ ला रेंजर्सनं मो जॉन्स्टन हा नावाजलेला कॅथलिक खेळाडू घेतला, तर त्यांच्याच काही समर्थकांनी गळ्यातले मफलर जाळले. धर्मद्वेषाच्या घोषणा थांबाव्यात म्हणून तिथल्या सरकारनं २०१२ मध्ये खास कायदा लागू केला आणि २०१८ मध्ये तो रद्दही केला. आपल्याकडं कोलकात्यातही मोहमेडन स्पोर्टिंगसारखा समाजाच्या नावाचा क्लब आहे. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षं त्यांनी कलकत्ता लीग जिंकली, ती भारतीय फुटबॉलमधली मोठी कामगिरी. पण तिथंही निष्ठा कुठं बांधली जाते, हे नावातच दिसतं. कोल्हापुरात मुसलमानांचा वेगळा मोठा संघ का उभा राहिला नाही, असं एका पाहुण्यानं मला विचारलं होतं. मी म्हटलं, गरज काय? माझी तालीम आहे की.

आणि उलट उदाहरणही आहे. लिव्हरपूलमध्ये २०१७ ला मोहम्मद सलाह आला. गोल केला की मैदानावर सजदा करायचा. थोड्याच दिवसांत लिव्हरपूलच्या गोऱ्या समर्थकांनी त्याच्यावर एक गाणं रचलं: हा असाच गोल करत राहिला तर आम्हीही मुसलमान होऊ, अशा मजेच्या अर्थाचं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी नंतर हिशेब मांडला. सलाह आल्यावर त्या मर्सीसाइड भागातले द्वेषाचे गुन्हे अपेक्षेपेक्षा १६ टक्क्यांनी कमी झाले आणि लिव्हरपूलच्या समर्थकांच्या मुसलमानविरोधी ट्वीटचं प्रमाण निम्म्यावर आलं. मी हे मोठ्या उत्साहानं जागा बदलणाऱ्या त्या दोस्ताला सांगितलं. त्यानं शांतपणे विचारलं, "आणि त्यानं गोल मारले नसते तर?"

त्याचा प्रश्न मला मागच्या रमजानमध्ये पुन्हा आठवला.

माझा भाचा गोलकीपर आहे. कॉलेजात शिकतो, तालमीच्या संघातून खेळतो. कुठल्या तालमीतून ते लिहीत नाही. त्याला अजून बरंच खेळायचं आहे. रोजा धरून खेळावं की नाही यावर घरात दरवर्षी वाद होतो. आजारी माणसाला, प्रवाशाला रोजातून सवलत आहे, राहिलेले रोजे नंतर भरून काढता येतात. मॅच हे काही कारण होत नाही, असं माझ्या मेहुण्यांचं म्हणणं. मोठ्या क्लबांतले काही खेळाडू मॅचच्या दिवशी रोजा सोडतात आणि नंतर भरून काढतात, काही धरूनच खेळतात. भाचा दुसऱ्या गटातला. त्याचं गणित साधं: "मामू, गोलकीपरला पळायला कुठं लागतं? उभंच राहायचं." तीन वेळा अंगावर झेप घेतल्यावर उठताना त्याचे पाय कसे लटपटतात, ते मी गॅलरीतून बघतो.

सोळावा रोजा होता, रंगपंचमीच्या दोन-तीन दिवस आधी. बाद फेरीची मॅच. मी दोस्ताबरोबर टोकाच्या पायरीवर बसलो होतो. दोस्त समोरच्या तालमीचा, म्हणजे माझ्या भाच्याच्या विरुद्ध. आमच्या डाव्या हाताला त्यांचीच पोरं. चारची मॅच सुरू व्हायलाच उशीर झाला होता, आणि दुसऱ्या हाफमध्ये एका ऑफसाइडवरून गोंधळ उडाला. दोन्हीकडून बाटल्या आल्या, पोलीस मध्ये उभे राहिले, अर्धा तास खेळ बंद. पुन्हा सुरू झाला, एक-एक बरोबरी सुटेना, आणि टायब्रेकर लागला तेव्हा साडेसहा वाजून गेले होते.

भाचा आमच्या बाजूच्या गोलमध्ये आला. आणि डावीकडच्या घोळक्यातून एक आवाज आला. पेठेचा नव्हता, तालमीचा नव्हता. नावाचा होता. काय ते इथं लिहीत नाही. जून २०२३ मध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून या गावात जे घडलं, त्यानंतर असले शब्द कुठून येतात हे सगळ्यांना माहीत आहे. ओरडणारा सोळा-सतरा वर्षांचा. शेजारचे दोघं-तिघं हसले. त्यानं दुसऱ्यांदा ओरडायला तोंड उघडलं.

माझ्या हाताच्या मुठी वळल्या होत्या. मी उठलोही. दोस्तानं शर्टाला धरून खाली ओढलं. "बस. रोजा हाय." मी बसलो, आणि प्रामाणिकपणे सांगतो, ते पैगंबरसाहेबांच्या शिकवणीमुळं नाही. गुडघ्यात ताकद नव्हती म्हणून.

उठले ते आमच्या पुढच्या पायरीवरचे एक आजोबा. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, त्याच समोरच्या तालमीचे, गेल्या पन्नास वर्षांत एकही मॅच न चुकवलेले. भाच्याला दुपारपासून सगळ्यात जास्त शिव्या घालणारे तेच. ते पोराकडं वळले आणि म्हणाले, "ए. पेठेवर बोल. त्याच्या हातावर बोल. नावावर जायाचं न्हाई." पोरगा म्हणाला, "आजोबा, आपलीच टीम हाय की!" आजोबा म्हणाले, "म्हणूनच सांगालोय."

एवढंच. भाषण नाही, टाळ्या नाहीत. पोरगा तोंड वाकडं करून वरच्या पायऱ्यांवर निघून गेला आणि तिथून शिट्ट्या मारत राहिला. आजोबा पुन्हा मैदानाकडं वळले आणि लगेच भाच्याच्या हातांवरून अस्सल कोल्हापुरी असं काहीतरी बोलले. मला एवढा आनंद कधी कुणी भाच्याला शिवी दिल्यावर झाला नव्हता.

तीन-तीन पेनल्टी झाल्या होत्या तेव्हा जवळच्या मशिदीतून बांग ऐकू आली. पावणेसात वाजले होते. टायब्रेकरमध्ये दोन्ही गोलकीपर एकाच गोलपाशी असतात. एक आत, दुसरा बाजूला. भाच्याची बाटली आणि खजूर पार पलीकडच्या गोलमागं राहिले होते. तो एक क्षण तिकडं बघत राहिला. समोरच्या संघाच्या गोलकीपरनं खांबाला टेकवलेली आपली बाटली उचलली आणि त्याच्याकडं फेकली. काही बोलला नाही. चेंडू ठेवून तयार असलेला खेळाडू कमरेवर हात ठेवून उभा राहिला, रेफ्रींनी तोंडातली शिट्टी काढली. भाच्यानं झेलली, बसून तीन घोट घेतले, उठला. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये एप्रिल २०२१ ला लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेसच्या मॅचमध्ये रोजेदार खेळाडूंसाठी गोलकिक थोडी थांबवली होती, तर जगभर बातमी झाली होती. आमच्याकडं दुसऱ्या दिवशी फक्त मॅचचा निकाल छापून आला.

निकाल असा की पुढची पेनल्टी त्याच्या हाताखालून गेली. चार-तीननं हरले. सलाहसारखं काही झालं नाही.

खरं दुखणं दोन दिवसांनी आलं. त्या टायब्रेकरची कुणीतरी रील टाकली होती, आणि आवाज मोठा केला तर पहिला तो ओरडा स्पष्ट ऐकू येत होता. आजोबांचा आवाज रीलमध्ये नव्हता. तो आमच्या पायरीपुरताच होता. भाच्यानं ती बघितली होती. मी विचारलं तर म्हणाला, "मामू, गोलमध्ये बाहेरचं काय ऐकू येत न्हाई." पण ती त्यानं आईला दाखवली नव्हती, यावरून मी समजायचं ते समजलो. आपाला शेजारच्या मुलीच्या मोबाइलवर ती दिसली. तिनं भांडी घासता घासता मला एवढंच म्हटलं, "बस हो गया भई. गल्ली में खेलने दे उसे. स्टेडियम नक्को."

मी तिला आजोबांचं सांगितलं. ती म्हणाली, "और जिस दिन वो बुढ्ढे नै आए तो?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. दोस्त म्हणतो, गॅलरी अशीच असते, एकानं ओरडायचं आणि एकानं गप्प करायचं. गप्प करणारा आहे तोवर चाललंय. तालमीतले काही जण म्हणतात, अशा पोराला ओळखून त्याच्याच तालमीनं महिनाभर स्टेडियमबाहेर बसवावं, पोलिसांपर्यंत जायची गरज नाही. मला हे दुसरं पटतं. केएसए संघावर कारवाई करू शकते, पण पायरीवरच्या पोराचं नाव, बाप आणि घर फक्त त्याच्या पेठेला माहीत असतं. १९८८ ला मला कुणी असं महिनाभर बाहेर बसवलं असतं, तर माझ्यावर उपकार झाले असते.

आपानं परवानगी दिली असं नाही. पण हंगाम सुरू झाल्यावर भाच्याचे धुतलेले स्टॉकिंग्ज दोरीवर दिसायला लागले. तिनंच धुतले असणार, कारण त्यानं धुतले तर ते असे पांढरे होत नाहीत. २०२५ ला पाडवा ३० मार्चला होता आणि ईद ३१ ला. दोन्ही सण एकाला एक लागून. पोरांनी आत्तापासून ठरवलंय की ईदच्या दिवशी शीरखुर्मा खाऊन तालमीत जमायचं. मॅच असली तर पोटभर खाल्लेला गोलकीपर काय खेळणार, यावर टपरीवर पैजा लागल्यात.

काल मी आपाकडं इफ्तारला होतो. ताटात भजी, कलिंगडाच्या फोडी, खजूर, आणि पाणी एका जुन्या प्लास्टिकच्या बाटलीत. बाटलीवर समोरच्या तालमीचं नाव, अर्धं खरवडलेलं. त्या संध्याकाळी भाचा ती चुकून आपल्या बॅगेत टाकून घेऊन आला होता. परत नेऊन देतो, नेऊन देतो म्हणत वर्ष झालं. आपा म्हणाली, "रहने दे. अच्छी है, पानी ठंडा रहता."

भाच्यानं वैतागून माझ्याकडं बघितलं. "मामू, हिला सांगा की. दुसऱ्या तालमीची बाटली हाय. कुणी बघितलं तर काय म्हणंल?"

मग बांग झाली, आणि त्यानंच ती पहिल्यांदा उचलली.